टेम्स नदीच्या सहा पायऱ्या

ऑक्सफर्डच्या फॉली ब्रिजपासून लिटल विटनहॅम गावाजवळच्या डेज लॉकपर्यंतचे अंतर टेम्स नदीने सुमारे २५ किलोमीटर भरते. मोटारीने हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. आम्हाला मात्र गेल्या उन्हाळ्यात एका छोट्या केबिनच्या मोटरबोटीतून तिथे पोहोचायला सकाळचे नऊ ते संध्याकाळचे पाच लागले. बोट घेतली होती माझ्या मावसभावाने, आणि तोच ती चालवत होता. दोर सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते आणि आई पुढच्या बाकावर बसून सगळे पाहत होती. इतका वेळ लागण्याची कारणे दोन. एक म्हणजे टेम्सच्या या भागात बोटींना ताशी ८ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. दुसरे, आणि या लेखाचा विषय असलेले कारण म्हणजे वाटेत इफ्ली, सँडफर्ड, ॲबिंग्डन, कलहॅम, क्लिफ्टन आणि डेज असे सहा लॉक, म्हणजे बोटीला एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाज्यांचे हौद, लागतात आणि त्या प्रत्येकात शिरून, थांबून, पाण्याबरोबर खाली उतरून मगच पुढे जाता येते.

पहिल्याच लॉकमध्ये आमची बोट हळूहळू खाली जाऊ लागली तेव्हा आईने विचारले, "अरे, ह्याची मोटार कुठे बसवली आहे?" प्रश्न अगदी रास्त होता. बोट, तिच्यातली माणसे, सामान असे काही टनांचे वजन एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर न्यायचे तर कुठेतरी पंप, क्रेन किंवा मोठे यंत्र असलेच पाहिजे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बोट उतरवायला किंवा चढवायला इथे कोणतेही यंत्र नाही. या भागात वीज वापरली जाते ती फक्त दरवाजे आणि झडपा उघडण्या-मिटण्यासाठी, आणि ऑक्सफर्डच्या वरच्या अंगाला गॉडस्टो लॉकच्या पलीकडे तर तीही नाही, तिथे हे काम माणसे हातानेच करतात. बाकी सगळे नदीचे पाणी आपल्या उताराने आपणच करते. हे कसे घडते ते समजले की लॉकमधील प्रत्येक नियमाचा अर्थ लागतो, म्हणून थोडे मुळापासून सुरू करतो.

लॉकबद्दल वाचताना बहुतेक जण आधी लॉककडे पाहतात. माझ्या मते आधी शेजारच्या बंधाऱ्याकडे पाहिले पाहिजे. नदी उतारावरून वाहते आणि तिला मोकळे सोडले तर उन्हाळ्यात तिचे पाणी उथळ होऊन दगडगोट्यांवरून पळते. अशा पाण्यात बोट चालत नाही, कारण बोटीच्या तळाला खोली हवी असते. म्हणून ठरावीक अंतरावर नदीला आडवा बंधारा घालतात. त्यामुळे बंधाऱ्याच्या मागे बरेच अंतर पाणी तुंबून खोल आणि जवळजवळ सपाट होते आणि नदीचा सगळा उतार त्या बंधाऱ्याच्या जागी एकवटतो. असे एकामागून एक बंधारे घातले की उतरती नदी जिन्यासारखी होते. जिन्याच्या रुंद फरशा म्हणजे दोन बंधाऱ्यांमधले शांत पाणी, आणि जिन्याच्या उभ्या बाजू म्हणजे बंधारे. फॉली ब्रिज ते डेज लॉकच्या खालचे पाणी यांच्या पातळीत जवळपास १० मीटरचा, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा फरक आहे आणि तो या सहा पायऱ्यांमध्ये वाटला गेला आहे. फरशीवर बोट सुखाने चालते. अडते ती उभ्या बाजूपाशी. तेवढ्या एका जागेची अडचण सोडवण्यासाठी बंधाऱ्याला बगल देऊन बांधलेला, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद म्हणजे लॉक. मराठीत त्याला जलपाश असा शब्द आहे. तरीही नदीवर जो शब्द कानावर पडतो तोच, म्हणजे लॉक, मी इथे वापरतो.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना यातला निम्मा भाग घरचाच वाटेल. पंचगंगेवर आणि तिच्या उपनद्यांवर जे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांच्या खांबांमध्ये पावसाळा सरल्यावर बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा येण्याआधी ते बरगे काढून नदी मोकळी करतात. आपल्याकडे हे पाणी शेतीसाठी आणि पिण्यासाठी अडवले जाते. त्या नद्यांतून मालाच्या बोटी वर-खाली जायच्या नसल्यामुळे बंधाऱ्याला बगल देणारा हौद बांधण्याची वेळच आली नाही. कोकणातल्या नद्या तर सह्याद्रीवरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि तिथली जलवाहतूक चालली ती खाड्यांमधून, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून. टेम्सच्या काठावर मात्र वरच्या भागातले धान्य, लाकूड, दगड आणि लोकर लंडनला न्यायची होती, आणि त्याच नदीवर पिठाच्या चक्क्या चालवण्यासाठी व मासे पकडण्यासाठी लोकांनी बंधारे घातलेले होते. बोटवाल्यांना वाहते पाणी हवे आणि चक्कीवाल्याला अडवलेले, असा हा जुना तंटा आहे. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टामध्ये टेम्स आणि मेडवे या नद्यांवरील, आणि एकूण इंग्लंडभरातील, मासेमारीचे बंधारे काढून टाकावेत असे एक कलमच आहे, यावरून तो किती जुना आणि किती गंभीर होता हे दिसते.

या तंट्यावर शोधलेली पहिली तोड ओबडधोबड होती. बंधाऱ्याचा एक भाग काढता येईल असा ठेवायचा. त्यात उभे दांडे आणि त्यांच्या आधाराने पाण्यात सोडलेल्या फळ्या असत. बोट आली की त्या फळ्या आणि दांडे एकेक करून उपसायचे, मग तुंबलेले पाणी त्या फटीतून लोंढ्याने सुटायचे आणि त्या लोंढ्यावर स्वार होऊन बोट खाली जायची. वर येणाऱ्या बोटीला लोंढा थोडा ओसरेपर्यंत थांबावे लागे आणि मग दोर व रहाट लावून तिला त्याच फटीतून वर ओढत. मी हे सांगत असताना आई मध्येच म्हणाली, "म्हणजे बरगे काढायचे आणि पाण्याबरोबर होडी सोडून द्यायची, असंच ना?" अगदी तसेच. त्यात बोटी उलटत, माणसे बुडत आणि एका बोटीसाठी मैलोन् मैल साठवलेले पाणी वाहून जाई. ते पुन्हा भरेपर्यंत चक्की बंद आणि मागच्या बोटी गाळात, असा प्रकार होता. टेम्सच्या वरच्या भागात अशा वाटा थेट १९३० च्या दशकापर्यंत शिल्लक होत्या. दांडे आणि फळ्यांचे काही बंधारे तर तिथे पुढेही राहिले.

दुसरी आणि टिकलेली तोड म्हणजे एक फट उघडण्याऐवजी दोन दरवाजे बसवणे. ही युक्ती सर्वप्रथम सुचल्याची नोंद चीनमधली आहे. ९८४ साली सोंग राजवटीतील च्याओ वेईयुए हा वाहतूक अधिकारी महाकालव्यावरील धान्याच्या बोटींची व्यवस्था पाहत होता. तिथे बोटी उतरत्या घसरणीवरून ओढून पातळी बदलत असत. त्यात बोटी फुटत आणि फुटलेल्या बोटींतले धान्य चोरीला जाई. त्याने कालव्यात सुमारे ५० पावलांच्या अंतरावर दोन दरवाजे उभारले आणि त्यांच्या मधल्या जागेत पाण्याची पातळी हवी तशी वर-खाली करण्याची सोय केली. आजच्या प्रत्येक लॉकचा गाभा एवढाच आहे. मधली जागा वरच्या पाण्याशी जोडली की ती वरच्या पातळीला येते, खालच्या पाण्याशी जोडली की खालच्या पातळीला येते, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही उघडत नाहीत. म्हणून बंधारा बंधाराच राहतो आणि बोटीला वाट मिळते.

आता प्रत्यक्ष इफ्लीला येऊ. ऑक्सफर्ड ते बरकट या गावादरम्यान नदी सुधारण्यासाठी नेमलेल्या आयोगाने १६३० च्या दशकात टेम्सवरचे पहिले लॉक बांधले, त्यांपैकी एक इथे होता. सध्याचे बांधकाम अर्थात पुष्कळ नंतरचे आहे. इथे पातळीतला फरक मीटरभरही नाही, त्यामुळे पहिल्यांदा लॉकमधून जाणाऱ्याने सुरुवात इथून करावी हे उत्तम. आम्ही वरच्या बाजूने आलो तेव्हा हौद भरलेला होता आणि वरचे दरवाजे उघडे होते. बोट सरळ आत नेली. पुढच्या आणि मागच्या टोकाचे दोर काठावरच्या खुंटांभोवती घेतले आणि इंजिन बंद केले. इंजिन बंद करणे हा नियम आहे, कारण बंद हौदात चुकून गियर पडला तर बोट दरवाज्यावर किंवा शेजारच्या बोटीवर जाऊन आदळते. मग लॉककीपरने, म्हणजे तिथल्या रखवालदाराने, खांबावरचे बटण दाबून आमच्या मागचे दरवाजे मिटले आणि पुढच्या दरवाज्यांच्या तळाशी असलेल्या झडपा उघडल्या. हौदातले पाणी त्या झडपांतून खालच्या नदीत जाऊ लागले आणि आम्ही त्याच्याबरोबर खाली सरकू लागलो. आवाज नाही, हिसका नाही. भिंतीवरचा शेवाळलेला ओला पट्टा बोटाबोटाने वाढत गेला आणि काठावर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे बघण्यासाठी मान वर करावी लागली, तेव्हाच आपण खाली आलो हे लक्षात आले. हौदातली आणि बाहेरची पातळी एक झाली, पुढचे दरवाजे उघडले आणि आम्ही बाहेर पडलो.

इफ्लीच्या लॉकशेजारी लहान होड्यांसाठी रुळांची एक उतरण आहे. वल्ह्याच्या होड्या आणि बांबूने ढकलायच्या सपाट तळाच्या होड्या लॉकमध्ये न नेता त्यावरून हाताने ओढून पलीकडे नेता येतात. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये ज्या घसरणीला कंटाळून लॉकचा शोध लागला तिचेच हे सौम्य रूप लॉकच्या शेजारी नांदते आहे, याचे मला फार अप्रूप वाटले. चार माणसांनी उचलता येईल अशा होडीसाठी घसरण आजही सोयीची, आणि टनावारी वजनासाठी लॉक.

दरवाज्यांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण लॉकमधील सर्वात बुद्धिमान भाग तोच आहे. प्रत्येक टोकाला घराच्या दारासारखी दोन कवाडे असतात, पण मिटल्यावर ती एका सरळ रेषेत येत नाहीत. ती एकमेकांना टेकून उलट्या व्ही अक्षरासारखा कोन करतात आणि त्या कोनाचे टोक नेहमी वरच्या पाण्याच्या दिशेला असते. त्यामुळे वरचे पाणी जितके जोराने रेटते तितकी ही कवाडे एकमेकांवर आणि बाजूच्या भिंतींवर घट्ट दाबली जातात. कुलूप नाही, कडी नाही. पाणीच दार मिटून धरते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलान शहराच्या कालव्यांवर या प्रकारची कवाडे वापरात आली आणि त्यांचे श्रेय साधारणपणे लिओनार्दो दा विंची याला दिले जाते. त्याआधी वरून खाली पडणारे, गिलोटिनसारखे दरवाजे होते. ते उचलायला जड पडत आणि त्यांच्या खालून उंच शिडाच्या बोटी जात नसत.

हा पाण्याचा रेटा किती असतो याचा हिशोब सँडफर्डच्या लॉकवर करून पाहण्यासारखा आहे. टेडिंग्टनच्या वरच्या टेम्समध्ये सर्वात खोल उतार याच लॉकमध्ये आहे, सुमारे २.७ मीटर. हौद अंदाजे ५३ मीटर लांब आणि ६.६ मीटर रुंद आहे. हौद भरलेला असताना खालच्या कवाडांच्या एका बाजूला २.७ मीटर जास्त उंचीचे पाणी उभे असते. खालच्या बाजूला दोन मीटर खोल पाणी आहे असे धरले, तर पाण्याच्या दाबाच्या साध्या सूत्राने त्या दोन कवाडांवर मिळून जवळजवळ ६० टनांचा रेटा येतो. हौद रिकामा होत आला आणि पातळीत फक्त १० सेंटिमीटर फरक उरला तरीसुद्धा हा रेटा टनाहून अधिक असतो. म्हणूनच पातळी पूर्ण समान झाल्याशिवाय दरवाजा उघडण्याचा प्रयत्न कोणी करत नाही, आणि केला तरी तो उघडत नाही. हातांनी चालवायच्या लॉकवर माणसे कवाडाला जोडलेल्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून उभी राहतात आणि दोन्हीकडचे पाणी समान झाले की तीच तुळई एका माणसाच्या रेट्याने सहज फिरते. घाई करून इथे काहीच साधत नाही.

सँडफर्डला माझी चूक झाली ती सांगतो, कारण तिच्यातून दोराचा नियम कळतो. लॉकमध्ये दोर खुंटाला बांधायचा नसतो. खुंटाभोवती एक वळसा घेऊन त्याचे टोक हातात ठेवायचे आणि बोट खाली जाईल तसतसा दोर सैल सोडत राहायचे. मी पुढचा दोर धरला होता आणि बोट हलू नये म्हणून दोन वळसे घेतले होते. पाणी उतरू लागले तसा वरचा वळसा खालच्या वळशावर चढला आणि दोर आवळला गेला. मी ओढतो आहे तोच बोटीचे पुढचे टोक दोराला लटकून वर राहिले आणि मागचे टोक पाण्याबरोबर खाली चालले. बोट तिरकी होऊ लागली, आईने बाकाची कड घट्ट धरली आणि मावसभाऊ ओरडला. लॉककीपरने क्षणात खालच्या झडपा मिटल्या आणि पाणी जागच्या जागी थांबले. मग त्याने वरच्या झडपा किंचित उघडून हौदात थोडे पाणी परत घेतले. बोट दोन-चार बोटे वर आली, दोर सैल पडला आणि मी तो सोडवला. हे सारे दोन मिनिटांत आटोपले, पण दोन गोष्टी पक्क्या कळल्या. एक, लॉकमध्ये दोर सोडून कधीही बाजूला व्हायचे नाही. दोन, काहीही बिघडले तरी पहिला उपाय म्हणजे झडपा बंद करणे, कारण पाणी थांबले की सगळेच थांबते.

खाली उतरताना दुसरा धोका मागच्या बाजूला असतो. वरच्या दरवाज्याखाली एक पक्का उंबरा असतो आणि तो हौदाच्या आत थोडा पुढे आलेला असतो. हौद भरलेला असताना तो पाण्याखाली दडलेला असतो. पाणी उतरले की उघडा पडतो. बोटीचे मागचे टोक त्या उंबऱ्याच्या वर राहून गेले असेल तर पाणी खाली जाते पण तेवढे टोक उंबऱ्यावर टेकून अडकते, आणि बोट पुढून पाण्यात शिरते. म्हणून लॉकच्या भिंतीवर उंबऱ्याची हद्द दाखवणारी खूण असते आणि बोट नेहमी तिच्या पुढे उभी करायची असते. वर जाताना याची चिंता नसते, पण तेव्हा वरच्या झडपांतून घुसणारे पाणी हौदात खळबळाट करते आणि बोट पुढे-मागे ओढली जाते. म्हणून झडपा एकदम पूर्ण न उघडता टप्प्याटप्प्याने उघडतात. एकंदरीत उतरणे शांत असते, चढणे दांडगाईचे.

मात्र लॉकमधील सर्व धोके एकत्र केले तरी ते शेजारच्या बंधाऱ्याच्या धोक्याएवढे नाहीत. सँडफर्डच्या बंधाऱ्याखालील डोहाला सँडफर्ड लॅशर म्हणतात आणि तिथे बुडून मृत्यू पावलेल्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा स्मृतिस्तंभ उभा आहे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी डोहात गोल फिरते आणि माणसाला वर येऊ देत नाही, हे त्याचे कारण. बोट चालवणाऱ्याला जपायचे ते या ओढीपासून. पावसानंतर नदीला जोर आला की लॉकवर फलक लावतात. पिवळा फलक म्हणजे प्रवाह वाढतो आहे किंवा ओसरतो आहे, सावध राहा; लाल फलक म्हणजे प्रवाह जोरात आहे, बोट बाहेर काढू नका. आपल्याकडे पुराच्या काळात नदीकाठच्या गावांना इशाऱ्याची पातळी आणि धोक्याची पातळी सांगतात, त्याच धर्तीची ही पद्धत आहे. आमच्या दिवशी एकही फलक लागलेला नव्हता.

ॲबिंग्डनपर्यंतचा टप्पा लांब, झाडीचा आणि शांत होता. ॲबिंग्डनचा लॉक १७९० चा. त्याआधी बोटी गावाला बगल देणाऱ्या स्विफ्ट डिच नावाच्या फाट्याने जात आणि पहिल्या तीन लॉकपैकी एक त्याच फाट्यावर होता. गावातल्या लोकांना व्यापार दारातून जावा असे वाटले आणि वाट पुन्हा मुख्य नदीकडे वळली. त्यापुढे कलहॅम आणि क्लिफ्टन हे दोन्ही लॉक नदीच्या मूळ पात्रात नाहीत. तिथे नदीचे वळण टाळण्यासाठी सरळ कालवा खोदलेला आहे आणि लॉक त्या कालव्यात आहे; कलहॅमचा कालवा १८०९ चा आणि क्लिफ्टनचा १८२२ चा. मूळ पात्र बंधारे आणि पाणचक्क्यांसाठी बाजूला राहिले. चक्कीवाला आणि बोटवाला यांच्या त्या जुन्या तंट्याचा हा सर्वात शहाणा निकाल म्हणावा लागेल: दोघांना वेगवेगळी वाट दिली.

जेवण आम्ही कलहॅमच्या कालव्यात काठाला बोट लावून केले. धपाटे आणि दही खाताना आईने पाण्याच्या हिशोबाचा प्रश्न काढला: हौद रिकामा करताना एवढे पाणी सोडून देतात, ते वाया जात नाही का? सँडफर्डचा हौद एकदा रिकामा केला तर ५३ गुणिले ६.६ गुणिले २.७, म्हणजे सुमारे ९४४ घनमीटर, म्हणजे ९ लाख ४४ हजार लिटर पाणी खाली जाते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर ९४ टँकर. बोट मोठी असो वा लहान, रिकामे करताना बाहेर जाणारे पाणी तेवढेच असते, कारण हौदातली पातळी जेवढी उतरते तेवढेच पाणी बाहेर जाते. टेम्ससारख्या नदीत हे पाणी तसेही बंधाऱ्यावरून खाली जाणारच असते, म्हणून इथे ते नुकसान ठरत नाही. उन्हाळ्यात नदी आटली तर मात्र एकाच बोटीसाठी लॉक न चालवता दोन-तीन बोटी जमवून चालवतात. टेकडीवर चढून जाणाऱ्या कालव्यांमध्ये माथ्यावरचे पाणी मोजकेच असते, आणि तिथे प्रत्येक फेरी त्याच साठ्यातून जाते. याचे सर्वात मोठे उदाहरण पनामाचे. तिथे जहाजे लॉकमधून समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या गातून तलावात चढतात आणि दुसऱ्या बाजूला उतरतात, आणि प्रत्येक जहाजाबरोबर तलावाचे गोडे पाणी समुद्रात जाते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या नव्या लॉकना शेजारी पाणी राखून ठेवणारे हौद जोडले आहेत, त्यामुळे एका फेरीतले सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येते. तरीही २०२३ च्या दुष्काळात रोज सोडायच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली.

भारतात हे दृश्य पाहायचे असेल तर बंगालमध्ये फरक्का इथे जावे. गंगेवरील फरक्का बराज ओलांडून हल्दिया आणि वाराणसीच्या दरम्यान जाणाऱ्या जहाजांना तिथल्या लॉकमधूनच वाट मिळते. महाराष्ट्रात नदीवर नसला तरी समुद्रावर मोठा लॉक आहे, आणि तो मुंबईतच आहे. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक या नावाने सुरू झालेल्या आणि आता इंदिरा डॉक म्हटल्या जाणाऱ्या गोदीच्या तोंडाशी २२८ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद लॉक आहे. मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीत कित्येक मीटरचा फरक पडतो. गोदी समुद्राला उघडी ठेवली तर ओहोटीला आतली जहाजे खाली जातील. लॉकमुळे गोदीतले पाणी भरतीच्या उंचीवर अडवून ठेवता येते आणि बाहेर समुद्र कोणत्याही पातळीवर असला तरी जहाज आत-बाहेर करता येते. बॅलार्ड पिअरच्या आसपास रोज ये-जा करणाऱ्या हजारो लोकांना आपल्या शेजारी हे काम चालते याची कल्पनाही नसते, याची मला खंत वाटते. शाळेच्या भूगोलात पनामा शिकवतात. मुंबईच्या मुलांना आधी इंदिरा डॉक शिकवायला हवा.

क्लिफ्टनचा लॉक सोडून, क्लिफ्टन हॅम्पडनच्या लाल विटांच्या पुलाखालून आम्ही पुढे निघालो तेव्हा ऊन कलले होते. समोर विटनहॅमच्या दोन टेकड्या दिसू लागल्या आणि त्यांच्या पायथ्याशी डेज लॉक आला. टेम्समधून किती पाणी वाहते हे मोजण्याचे एक महत्त्वाचे ठाणे इथल्या बंधाऱ्यावर आहे आणि १९३८ पासूनच्या त्याच्या नोंदी आहेत. इथे त्या वेळी लॉककीपर नव्हता. अशा वेळी स्वतः लॉक चालवण्याची परवानगी देणारा फलक लावलेला असतो आणि खांबावरची बटणे आपण वापरायची असतात. हौद भरलेलाच होता, ही सोय झाली. मावसभावाने बोट आत घेतली, मी यावेळी खुंटाभोवती एकच वळसा घेतला, आणि आईला खांबाजवळ उभे केले. आधी वरचे दरवाजे मिटायचे, ते मिटले याची खात्री करायची, मग खालच्या झडपा, हा क्रम तिने दिवसभरात पाचदा पाहिला होता आणि तो तिला पाठ झाला होता. तिने बटण दाबले, झडपांखालून पाण्याची घरघर सुरू झाली आणि आम्ही तिच्या पायांच्या पातळीवरून हळूहळू खाली निघालो.

दरवाजे उघडले तेव्हा बाहेर वर जाण्यासाठी एक बोट थांबलेली होती. आम्हाला हौद रिकामा करावाच लागला होता आणि त्या बोटीला रिकामाच हौद हवा होता. म्हणजे एका हौदभर पाण्यात एक बोट उतरली आणि दुसरी चढणार होती. आई शिडीवरून खाली बोटीत येण्याआधी काठावरूनच त्या बोटीतल्या बाईंना हात करून आत यायची खूण करत होती. आम्ही बाहेर पडलो, ती बोट आत गेली, आणि आमच्या मागे कवाडे पुन्हा एकमेकांना टेकली.